शेजाऱ्यांची रिकामी भांडी

(शाब्बाथ वायेरा संपल्यानंतर, हबदाला झाल्यावर प्रार्थनामंदिराच्या सभागृहात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



समितीने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी आभारी आहे. मी रब्बी नाही, आणि धर्मग्रंथांचा पंडितही नाही. आयुष्याची चाळीस वर्षे मी कारखान्यात खरादयंत्रापुढे उभा राहून घालविली. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यात विद्वत्ता शोधू नये. त्यात एका संसारी माणसाचा अनुभव आहे, आणि एक चूकही आहे. ती चूक मी आजपर्यंत चारचौघांत बोलून दाखविलेली नाही.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या समाजातील एका गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांचे नाव मी सांगणार नाही, आणि आपणही ते ओळखण्याचा प्रयत्न करू नये, अशी विनंती आहे. त्यांचे काम गेले. घराच्या मश्कान्ताचे हप्ते थकले. पैशावरून घरात रोज शब्दाला शब्द लागू लागला आणि अखेरीस त्यांचा तरुण मुलगा घर सोडून निघून गेला. ते मला म्हणाले, "मी आमिदाला उभा राहतो, तेव्हा देवाजवळ आधी काय मागू? कर्ज फिटावे हे मागू, की मुलगा परत यावा हे मागू? दोन्ही एकदम मागण्याची मला लाज वाटते."

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो. परंतु आज सकाळी हफ्तारा वाचली जात असता मला वाटले, की या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. आणि ते मला फार पूर्वी समजायला हवे होते.

हफ्तारेची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात ती येते. एक विधवा एलिशा संदेष्ट्याकडे धाव घेते. तिचा पती देवभीरू होता, तो वारला, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून नेण्यास आला आहे. आपल्या विद्वानांनी सांगितले आहे, की ही स्त्री ओबाद्याची पत्नी. आहाब राजाच्या काळात संदेष्ट्यांचा संहार होत होता, तेव्हा ओबाद्याने शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले व अन्नपाणी पुरविले. मिद्राशात असे आहे, की त्यासाठीच त्याने व्याजाने पैसे काढले होते. म्हणजे हे कर्ज उधळपट्टीचे नव्हते, पुण्यकर्माचे होते. कर्ज दिसले, की त्या माणसाने काही तरी वाईट केले असणार, असे आपण झटकन ठरवितो. ही कथा आपल्याला तसे करण्याची मुभा देत नाही.

संदेष्ट्याने त्या विधवेला काय सांगितले? त्याने तिला प्रथम विचारले, की घरात शिल्लक काय आहे. ती म्हणाली, काही नाही, तेलाचा एक बुधला तेवढा आहे. मग त्याने तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास सांगितले, आणि थोडकी आणू नकोस, असे बजाविले. नंतर दार लावून, मुलांना बरोबर घेऊन तिने ते तेल ओतावयाचे होते. मुले भांडी पुढे करीत गेली, ती ओतीत गेली. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. मग ते विकून तिने कर्ज फेडावे आणि उरलेल्यावर मायलेकांनी निर्वाह करावा, असे त्याने सांगितले.

आपण बेने इस्राएल लोक तेलाची ही कथा ऐकतो, तेव्हा आपले कान जरा अधिक टवकारतात. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा, म्हणून ते नाव पडले. माझ्या आजीचे माहेर अलिबागेच्या बाजूचे. तिच्या वडिलांचा घाणा होता. ती सांगत असे, की शेजारची एखादी बाई सांजवेळी वाटी घेऊन दारात उभी राहिली, तर ती विकत घेण्यास आली आहे की मागण्यास, हे तिच्या वाटी धरण्यावरून कळत असे. मागणारी बाई वाटी पदराखाली धरी. आजीची आई तिला काही न विचारता वाटी भरून देई आणि पदराखाली झाकूनच परत करी. ही गोष्ट मी लहानपणी करमणूक म्हणून ऐकली. पदराखालच्या वाटीचा अर्थ मला पुढे स्वतःवर वेळ आली तेव्हा कळला.

ती वेळ १९८५ साली आली. त्या वर्षांची आठवण येथे बसलेल्या ज्येष्ठांना असेल. १९८४ साली या देशात महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली होती. कर्जे मदादला, म्हणजे किंमतींच्या निर्देशांकाला, बांधलेली असत; हप्ता भरावा तरी कर्जाचा आकडा वाढलेलाच दिसे. जुलै १९८५ मध्ये सरकारने आर्थिक स्थैर्याची योजना आणली आणि महागाई उतरली, परंतु व्याजाचे दर चढेच राहिले. उधारीवर उभे असलेले कित्येक लहान धंदे त्या काळात बसले. माझ्या थोरल्या बंधूंचा खिडक्या बनविण्याचा कारखाना त्यांपैकीच एक होता. त्यांच्या कर्जाला आरेव, म्हणजे जामीन, म्हणून मी सही केली होती. मिशलेच्या ग्रंथात शलोमो राजाने जामीन राहण्याविषयी कडक इशारा दिला आहे. तो मी वाचला होता. परंतु सख्ख्या भावाने कागद पुढे केल्यावर वाचलेले कोणाला आठवते?

धंदा बुडाला आणि बंधू एके रात्री गाव सोडून उत्तरेकडे निघून गेले. त्यांनी पत्ता कळविला नाही. कर्ज माझ्याकडे आले आणि माझ्या पगारातून दरमहा कपात होऊ लागली. घरात मी, पत्नी, तीन मुले आणि माझी आई. आई दर शुक्रवारी शाब्बाथचे दिवे लावी, डोळ्यांवरचे हात काढी आणि माझ्याकडे पाहून विचारी, "त्याची काही खबर?" मी उत्तर देत नसे.

त्या काळात मी प्रार्थनामंदिरात येणे सोडले. देवावर रुसलो होतो असे नाही. मला सेफर तोराजवळ बोलावितील, आणि त्यानंतर सर्वांदेखत नेदेर बोलावा लागेल, याची मला भीती वाटे. खिशात पैसे नसलेला माणूस देवाच्या घरालाही घाबरतो. मी घरी एकटाच सिद्दूर उघडून बसे आणि पैसे मागे. फक्त पैसे.

चारपाच महिने असे गेल्यावर आपले त्या वेळचे समाश, त्यांच्या आत्म्यास शांती लाभो, एका संध्याकाळी दारात उभे राहिले. तू का येत नाहीस, असे त्यांनी विचारले नाही. ते म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत शिवा चालू आहे. तरुण मुलगा गेला, म्हातारा बाप बसला आहे. मिन्यानला आम्ही नऊच आहोत. तू चल." एवढेच. मी चप्पल पायांत घातली आणि गेलो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कद्दीश म्हटला आणि मी आमेन म्हटले. त्या क्षणी मला जाणवले, की कित्येक महिन्यांत मी प्रथमच दुसऱ्या कोणासाठी देवाजवळ काही मागितले.

बंधूंनो, आजच्या पाराशातही हेच आहे. अब्राहामाने गरार नगरीच्या अबीमेलेख राजासाठी प्रार्थना केली, की त्याच्या घरातील स्त्रियांना संतती व्हावी. त्या वेळी साराची स्वतःची कूस रिकामी होती. आणि त्या प्रसंगाच्या लगेच पुढे साराला दिवस गेल्याची वार्ता येते. यावरून तल्मूदाच्या बाबा काम्मा प्रकरणात आपल्या गुरुजनांनी असे शिकविले, की जो मनुष्य आपल्यालाच ज्या गोष्टीची उणीव आहे तीच दुसऱ्यासाठी मागतो, त्याचे मागणे आधी ऐकले जाते. हा देवाशी केलेला सौदा नव्हे. मनुष्य आपल्या दुःखाच्या बंद खोलीतून बाहेर पडतो, तेव्हा त्याला दुसऱ्याचे दार दिसते. आणि पुष्कळदा मदतीची वाट त्याच दारावरून जात असते. आपल्या आमिदातील मागण्या अनेकवचनी आहेत हे लक्षात घ्या. निर्वाहाची मागणी आपण "मला" म्हणून करीत नाही, "आम्हांला" म्हणून करतो. नुकतीच हेश्वानच्या ७ तारखेपासून आपण पावसाची मागणी सुरू केली आहे. पाऊस एकट्याच्या शेतावर मागता येत नाही.

त्या संध्याकाळी परत येताना मी समाशकाकांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "कागद दाखव." दुसऱ्या दिवशी ते समाजातील एका बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांना घेऊन आले. मी भीतीने न उघडलेली पाकिटे त्यांनी एकेक करून उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. माझ्या मनातले कर्ज कागदावरच्या कर्जापेक्षा पुष्कळ मोठे होते, हे मला त्या दिवशी समजले. त्यांनी धनकोला पत्र लिहून हप्ते बांधून घेतले. जे अगदी तातडीचे होते, त्यासाठी गमाख मंडळींकडून बिनव्याजी रक्कम मिळाली. मग समाशकाकांनी माझ्या पत्नीला विचारले, "वहिनी, त्या आच्छादनाखाली काय आहे?"

ते तिचे शिलाईयंत्र होते. लग्नानंतर मुंबईहून येताना तिने ते आणले होते आणि मुले झाल्यावर ते झाकून ठेवले होते. पुढच्या आठवड्यापासून शेजारणी येऊ लागल्या. मोरोक्कोहून आलेली एक बाई पडदे घेऊन आली, रोमानियाची एक वृद्धा कोटाचे अस्तर बदलण्यासाठी आली, आपल्या बायका मुलांच्या विजारी आखूड करण्यास आल्या. त्यांतील कित्येकींना ते काम घरी करता आले असते, हे मला आज कळते. त्यांनी आपली रिकामी भांडी आमच्या दारात आणून ठेवली होती. का शिवतेस, असे एकीनेही विचारले नाही. रात्री माझी मोठी मुलगी काजे करी, मुलगा बटणे निवडून देई. त्यांना आम्ही सर्व खरे सांगितले होते. विधवेची मुले आठवा. ज्यांना सावकार नेणार होता, त्यांच्याच हातांनी भांडी पुढे केली. मुलांपासून संकट लपवून ठेवले, तर ती फक्त घाबरतात; त्यांच्या हाती एखादे भांडे दिले, तर ती धीट होतात.

१९९३ साली शेवटचा हप्ता भरला. येथे मी थांबलो, तर ही गोष्ट फार सुंदर होईल. पण मला थांबता येत नाही, कारण ज्या गृहस्थांनी मला प्रश्न विचारला, त्यांचे उत्तर पुढे आहे.

१९८८ साली एका नातेवाइकाने मला बंधूंचा दूरध्वनी क्रमांक आणून दिला. ते उत्तरेत एका ठिकाणी कामाला होते. मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि मनाशी ठरविले: आधी कर्ज फिटू दे, मग बोलू. कर्ज माझ्या मानेवर असताना त्यांच्याशी बोललो, तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नव्हता. हे कारण मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे होते, की त्यांनी माझे काय केले, हे त्यांना भोगू द्यावे, असे मला वाटत होते. आई दर शुक्रवारी विचारी. क्रमांक माझ्या पाकिटात होता, आणि मी "नाही" म्हणे.

१९९१ च्या हिवाळ्यात आई वारली. त्या कागदाची घडी मी प्रथम उघडली, ती ही बातमी देण्यासाठी. बंधू शिवाच्या तिसऱ्या दिवशी आले. दारात थबकले, मग खाली माझ्या शेजारी येऊन बसले. पुष्कळ वेळ आम्ही बोललो नाही. नंतर त्यांनी विचारले, "माझ्याबद्दल विचारीत असे का?" मी म्हणालो, "दर शुक्रवारी." त्यावर त्यांना आणि मला जे रडू आले, ते कर्जासाठी नव्हते. आज आमचे बरे आहे. पेसाहला ते सहकुटुंब आमच्याकडे येतात. थोडी रक्कमही त्यांनी पुढे फेडली. परंतु आईसमोर आम्ही एका मेजावर बसलो नाही. ते आता कोणत्याही हप्त्याने भरून येणार नाही. देवाने कर्जाची मागणी ऐकली; दुसरी मागणी मी त्याच्यापर्यंत जाऊच दिली नाही. तिचे उत्तर माझ्या पाकिटात घडी करून ठेवलेले होते.

म्हणून त्या गृहस्थांना मी आज उत्तर देतो. ते येथे बसलेले आहेत की नाहीत, मी पाहत नाही. दादा, आपण दोन्ही मागावे. देवाजवळ दोन गोष्टी मागण्यात लाज नाही. आणि मागून झाल्यावर जी गोष्ट आपल्या हातात आहे, ती आधी करावी. कर्ज एका दिवसात फेडणे आपल्या हातात नाही. मुलाला आज रात्री दूरध्वनी करणे आपल्या हातात आहे. तो उचलणार नाही कदाचित. उद्या पुन्हा करावा. पैशाचा विषय काढू नये. जेवलास का, एवढेच विचारावे. एलिशाने त्या विधवेला कर्ज फिटल्यावर मुलांना जवळ घे, असे सांगितले नाही. मुलांना आत घेऊन दार लावल्यानंतर तेल वाहू लागले.

आजच्या पाराशातील हागारेची कथाही मला हेच सांगते. घरातील वादामुळे घराबाहेर पडलेली ती स्त्री. बेर शेवाच्या रानात पाण्याची पखाल संपलेली. पोटचा मुलगा झुडपाखाली ठेवून ती दूर जाऊन बसली, कारण त्याचे हाल तिला पाहवेनात. देवाने मुलाचा आवाज ऐकला. दूताने तिला सांगितले, की मुलाला उठव, त्याचा हात धर. आणि त्यानंतर तिला विहीर दिसली. हात आधी, विहीर मागाहून.

आता दोन शब्द आपणां इतरांसाठी, जे आज सुस्थितीत आहेत. रामबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची पायरी भिक्षेची नाही. जो डळमळला आहे त्याला देणगी किंवा कर्ज द्यावे, भागीदारीत घ्यावे, किंवा काम मिळवून द्यावे, म्हणजे त्याला पुढे कोणापुढे हात पसरावा लागू नये, असे ते सांगतात. आपल्या तोरेत, देवारीम ग्रंथात, अशी आज्ञा आहे, की कर्ज देणाऱ्याने गहाण वस्तू आणण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. एलिशानेही दार लावून घेण्यास सांगितले. याचा अर्थ मी असा करतो: शेजाऱ्यांनी भांडी द्यावी, पण चौकशी करीत आत येऊ नये. मदत उघड्या दाराने यावी आणि अब्रू बंद दाराआड राहावी. प्रार्थनामंदिरात एखादा माणूस सलग तीन शाब्बाथ दिसला नाही, तर "हल्ली ते कसे येत नाहीत" अशी कुजबूज करण्याऐवजी त्यांच्या दारी जाऊन मिन्यानसाठी त्यांना बोलवावे.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो, कारण भुकेल्याला नुसता उपदेश करणे बरे नव्हे. आलेली पाकिटे न उघडता ठेवू नका. काम गेले असेल, तर बितुआह लेउमीकडे अर्ज करण्यास उशीर करू नका. लाजेपायी शूक आफोरच्या सावकाराकडे जाऊ नका. त्यांचे दार आत जायला मोठे आणि बाहेर यायला लहान असते. बिनव्याजी गमाख आहेत. घरखर्च बसवून देणारे पाआमोनीमसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आहेत. न्याय मंत्रालयाचा कायदेशीर साहाय्य विभाग आहे. २०१९ सालापासून या देशात दिवाळखोरीचा नवा कायदा लागू आहे आणि त्याच्या नावातच आर्थिक पुनर्वसन हे शब्द आहेत. सातव्या वर्षी कर्जमाफी सांगणाऱ्या तोरेच्या भूमीत ते शोभून दिसते.

आपल्या समाजात संकट आले, की एलियाहू हनावीला मलिद्याचा नवस बोलतात. माझ्या आईनेही बोलला होता, आणि बंधू परत आल्यावर आम्ही तो तिच्या मागे फेडला. नवस जरूर बोलावा. आपल्या मुंबईच्या पहिल्या प्रार्थनामंदिराची कथा आठवावी. सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असे त्यांनी म्हटल्याची परंपरा आहे. १७९६ साली ते उभे राहिले. त्याचे नाव शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचा दरवाजा. आपल्यासाठी उघडलेल्या दरवाजाबद्दल त्यांनी इतरांसाठी एक दरवाजा उभा केला. नवस फेडण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. मलिद्याचे ताट वाढताना यंदा आपण एक प्रश्न मनात ठेवावा: माझ्या शेजारी कोणाची वाटी पदराखाली आहे?

आता आपण उभे राहून एक लहानशी प्रार्थना करू. ज्यांच्या घरी आज अडचण आहे, त्यांनी ती शेजाऱ्यासाठी करावी; आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनीही शेजाऱ्यासाठीच करावी.

हे परमेश्वरा, आमच्या पूर्वजांच्या देवा, ज्यांचे काम सुटले आहे त्यांच्या हातांना काम दे. ज्यांच्या दारी येणेकरी उभा आहे, त्यांना आजची रात्र झोप दे आणि उद्या कागद उघडण्याचे धैर्य दे. ज्या घरात एक खुर्ची रिकामी आहे, त्या घरच्या माणसाच्या ओठांवर कठोर शब्दाआधी त्याच्या मुलाचे नाव येऊ दे. आमच्यापैकी ज्यांच्या बुधल्यात अजून तेल आहे, त्यांना ते मोजून ठेवण्याची बुद्धी न देता भांडी शोधण्याची बुद्धी दे. आणि ज्यांना आम्ही क्षमा करायची आहे, ते जिवंत असतानाच ती करण्याची घाई आम्हांला लाव. आमेन.

 चहा तयार आहे, असे मला सांगण्यात आले आहे. तो घेण्यापूर्वी ज्यांना कोणाला दूरध्वनी करावयाचा असेल त्यांनी करून यावे. आम्ही चहा गरम ठेवू. शावुआ तोव.